भरवशाची मोटर

आत्याने आणलेल्या स्थळाला बाबांनी सकाळीच होकार कळवून टाकला होता. लेक चाचरत काहीतरी म्हणाली खरी, पण पोरीची जात लाजायचीच, असं ते धरून चालले.

आता ती टेबलावर तिच्या इवल्या रोबोची मान जोडत बसली होती. 'हो' म्हणून मान हलवायला एक छोटी सर्व्हो मोटर, 'नाही'साठी दुसरी. धातूच्या दात्यांची, भरवशाची मोटर दुकानात एकच उरली होती. दुसरी प्लास्टिकची, अधूनमधून अडखळणारी.

"चांगली मोटर 'हो'ला लाव," बाबा म्हणाले. "'नाही' ऐकायला कुणाला आवडतं?"

"चांगली 'नाही'लाच लावणार."

"तुझं म्हणजे सगळं उफराटं."

"उफराटं कसलं, बाबा? 'हो' अडखळलं तरी लोक 'हो'च समजतात," स्क्रू पिळत ती म्हणाली. "आणि 'नाही' अडखळलं, तरीही 'हो'च समजतात."

बाबा उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी बहिणीला फोन लावला.



"ताई, त्या मंडळींना सांग, आमचं नाही म्हणजे... म्हणजे तसं... हो गं, नाहीच."