सुरा कुणाचा

“हात लावा,” शोझो म्हणाला.

दर विसाव्याला तो हेच म्हणायचा. मग ज्यानं त्यानं आपापल्या वस्तूंना हात लावायचा. बंदूक, दोर, भाताचे गोळे, सुरा. नुसतं बघून चालायचं नाही. बर्फात डोळे खोटं बोलतात, हात बोलत नाहीत.

म्हाताऱ्या कुमेझोचा हात अंगभर फिरला. तेत्सुयाचा फिरला. तोमोएचा हात कमरेपाशी गेला आणि तिथंच राहिला.

म्यान होतं.

सुरा

&nbsp;

चौघं शिकारी आपल्याच पावलांवरून मागं निघाले. एप्रिलचं ऊन होतं. अकिताच्या डोंगरात या दिवसांत पाऊल वितळत वितळत मोठं होत जातं. तोमोएनं सकाळी टाकलेलं पाऊल आता अस्वलाच्या पंजाएवढं झालं होतं. शोझोला क्षणभर वाटलं, आपण ज्याच्या मागावर निघालो होतो, ते अस्वल हेच.

सुरा पावलांत नव्हता. कदाचित घसरणीवर पडला असेल. कदाचित बर्फाखालच्या ओढ्यात असेल, आणि ओढा त्याला त्यांच्या आधी गावात घेऊन चालला असेल. कदाचित सुरा होता तिथंच असेल, आणि सरकली असेल ती जागा

धुकं आलं.

“गावात विचारतील,” शोझो म्हणाला. तोमोएला बरोबर घ्यायचं त्यानंच ठरवलं होतं. डोंगराच्या देवीला बाई खपत नाही, असं गावानं त्याला तोंडावर सांगितलं होतं. “म्हणतील, देवीनं ठेवून घेतला. आणि बाईचं हत्यार देवीनं ठेवून घेतलं म्हणजे...”

“म्हणजे पुढच्या वर्षी मी घरी,” तोमोए म्हणाली.



“उपाय आहे ना,” तेत्सुया बोलून गेला, आणि मग आपल्या बुटांकडं बघत बसला.

उपाय सगळ्यांनाच ठाऊक होता. डोंगरात वस्तू हरवली, की पुरुषानं दरीकडं तोंड करायचं आणि विजार खाली सोडायची. देवीला हसू येतं. हसली, की घेतलेलं टाकून देते.

“मग दाखव की तू,” कुमेझो म्हणाला.

“लायटर हरवला तेव्हा दाखवलं होतं, आजोबा. नाही मिळाला.”

“बघण्यासारखं नसेल.”

तोमोए हसली नाही. रिकाम्या म्यानावरून अंगठा फिरवत राहिली.

“ज्याचं हरवलं त्यानंच दाखवायचं असतं,” शोझो म्हणाला.

“मग झालं तर. सुरा हिच्या बापाचा. बाप आता नाही. त्याच्या वतीनं मी दाखवतो.” कुमेझोनं बंदूक झाडाला टेकवली आणि विजारीच्या नाडीला हात घातला. “माल जुना आहे, पण ती काय नखरे करणार? पोरवयापासून ओळखते मला.”

तोडगा वाईट नव्हता. सुरा मिळाला तर बापाचा म्हणून मिळेल. पोरगी बापाचं हत्यार घेऊन सोबत आलेली पाहुणी ठरेल. गाव गप्प बसेल. शोझो मान हलवणार, तोच

“सुरा माझा आहे,” तोमोए म्हणाली.

“अगं पोरी, तुझाच गं. पण दाखवायला तुझ्यापाशी...” कुमेझो अडखळला.

“माझ्यापाशी काय आहे ते माझं मी बघते. थांबा तुम्ही, आजोबा. तोंडं फिरवा. तिघंही.”

तिघांनी तोंडं फिरवली.

&nbsp;

समोर बीच जातीचं झाड होतं. खोडावर अस्वलाच्या नखांचे जुने ओरखडे होते, आता खोडाबरोबर रुंद झालेले. शोझो ते बघत राहिला. पाठीमागं तोमोएचे बूट दरीच्या कडेपर्यंत गेले. जाकिटाची चेन वाजली. मग कापड. मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही, की आपण उभ्यानं झोपलोय की काय असं शोझोला वाटू लागलं. धुकं कानात शिरत होतं. त्याला बायकोची आठवण आली. डोंगरात बायकोचं नाव मनातही आणायचं नसतं, देवी रागावते. त्यानं ते आणलं नाही. आपणहून आलं, आणि कुणी रागावलं नाही.

मग कुणीतरी हसलं.

तोमोएच असणार. तिला हसताना शोझोनं कधी ऐकलं नव्हतं. दबकं हसू, चोरून काही खाल्ल्यासारखं.

दरीच्या पलीकडूनही हसू आलं.

“प्रतिध्वनी,” तेत्सुया कुजबुजला.

अलीकडचं हसू थांबलं.

पलीकडचं थांबेना. जाडं, खरखरीत, दम लागलेलं, पोट धरून हसणाऱ्या बाईचं हसू. फांद्यांवरचा बर्फ धपाधप खाली येऊ लागला. आणि त्या सगळ्यात कुठंतरी खाली, लोखंड दगडाला लागावं तसा एक बारीक आवाज झाला. किंवा बर्फाचाच असेल.

कुणी मागं बघितलं नाही. वळा, असं तोमोए अजून म्हणाली नव्हती.

कुमेझोचा हात नाडीवरच होता.

“आजोबा, बांधा ती,” शोझो हळूच म्हणाला. “देवीचं आपल्याकडं लक्ष नाही.”