टेबलापलीकडची टक

पन्नास वर्षं झाली असतील. कारखान्याच्या क्लबात मी आणि माझी धाकटी बहीण टेबल टेनिसची दुहेरी खेळायचो. दर सर्व्हिसआधी ती आपली बॅट माझ्या बॅटवर हलकेच टेकवायची, टक. "घे ताई नशीब," म्हणायची. आमचे चेंडू हटकून टेबलाच्या काठाला लागून पडायचे. बायका चिडवायच्या, "यांच्या चेंडूला डोळे आहेत गं!"

त्या वर्षीच्या क्लबाच्या स्पर्धेची अंतिम फेरी हा माझा शेवटचा सामना होता. मनगट कामातून गेलं होतं आणि डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं होतं.

नेमकं त्याच दिवशी नशीब फिरलं. आमचे चांगले चांगले चेंडू जाळीला लागून आमच्याच बाजूला पडू लागले. समोरच्या जोडीचे मात्र काठाला घासून जाऊ लागले.

"काय गं, आज आंधळा झाला का चेंडू?" समोरची पॅकिंगची सुपरवायझर हसली.

चेंडू उचलून उठताना ढालींच्या कपाटाच्या काचेत मला आमचं टेबल दिसलं. अलीकडे मी एकटीच होते. पलीकडे तिघी होत्या. तिसरी माझी धाकटी होती, आणि ती सुपरवायझरच्या बॅटवर बॅट टेकवत होती.

मी गर्रकन वळले. धाकटी माझ्या शेजारीच उभी होती, घामाघूम.

रडतखडत आम्ही वीस-वीसवर आलो. तिने बॅट माझ्या बॅटवर टेकवली. टक मात्र पलीकडून ऐकू आली.

मी काचेकडे मान वळवणार, तोच तिने माझं दुखरं मनगट घट्ट धरलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तिकडे नको ना बघूस."