उबेची पेटी

हॉस्पिटलातल्या काचेच्या दोन्ही पेट्यांवर एकच शिक्का होता. त्याने तो दोनदा वाचला. दोन्ही पेट्या त्याच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत होत्या. दोन्हींत इवलीशी बाळं निजली होती. त्यातलं एक त्याचं, आज सकाळी दिवस भरायच्या आधीच आलेलं.

कुठल्या यंत्राने काय करायला हवं, अशा कंपनीच्या साऱ्या जुन्या रिक्वायरमेंट त्याने सिमँटिक वेबच्या पद्धतीने एकमेकींशी बांधल्या होत्या, अर्थाच्या धाग्यांनी. नवं यंत्र आलं की कॉम्प्युटर ते धागे धरून लागू पडेल ते जुन्यातून काढून द्यायचा. पुन्हा श्रीगणेशा करायला नको. सगळे खूश होते. आणि ‘उबेची पेटी’ या नावाखाली त्याने सर्वात आधी बांधलं होतं ते कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र. बाळांची पेटीही त्याच नावाखाली येत होती.

त्याने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला.

“बाळांच्या पेटीचा अलार्म कुठून आला ते बघ. आत्ताच्या आत्ता. धागा मागे ओढत जा.”

धागे होते म्हणूनच उत्तर लगेच सापडलं. “अंड्यांच्या यंत्रातून,” ती म्हणाली. “अरे, उष्णता वाढली तरी हा लगेच वाजत नाही. आधी वाट बघतो. थांब, मी बाकीच्या हॉस्पिटलांना कळवते.”

अंड्यांच्या यंत्रात उष्णता वर-खाली व्हायचीच. ऊठसूट अलार्म वाजला असता तर पोल्ट्रीवाल्यांनी यंत्रच फेकून दिलं असतं. अंड्याला तेवढं चालतं. बाळाला?

नुकतीच ड्यूटीवर आलेली सिस्टर त्याने जवळजवळ ओढतच आणली. त्याची त-त-प-प होत होती, तरी तिला कळलं. तिने डॉक्टरांना फोन केला आणि ती त्याच्याकडे वळली.

“जुन्या बनावटीची, हे सॉफ्टवेअर नसलेली एकच पेटी रिकामी आहे. दुसरी मागवलीय, पण ती येईपर्यंत एकालाच हलवता येईल.”

त्याने दोन्ही पेट्यांकडे पाहिलं. “दोघांत जास्त नाजूक कुठलं?”

“खिडकीजवळचं. त्याला जरासुद्धा सोसायचं नाही.”

बायको वरच्या मजल्यावर ग्लानीत होती. काही विपरीत घडलं तर तिला काय तोंड दाखवायचं? त्याने डोळे गच्च मिटले, मग उघडले.

“मग त्यालाच हलवा.”

सिस्टरचे हात भराभर चालले. खिडकीजवळचं बाळ जुन्या पेटीत गेलं, हातपाय हलवून पुन्हा निजलं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

“आता घाबरू नका,” ती म्हणाली. “तुमचं बाळ सुखरूप आहे.”

तो दाराजवळच्या पेटीला खेटून उभा होता. तापमानाच्या आकड्यावरची नजर त्याने हलवली नाही.

“माझं हे आहे,” तो म्हणाला.