सकाळचं पहिलं गिऱ्हाईक

“मग आप्पांची दाढी कोण करणार?” धाकट्याने विचारलं, आणि डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

बिचाऱ्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. खांद्याचा स्नायू हाडापासून सुटलाय. महिन्याभरात शिवून घेतला तर हात पुन्हा वर जाईल. उशीर केला तर स्नायू असा आखडेल, की मग शिवताच येणार नाही. शस्त्रक्रियेनंतर मात्र सहा महिने वस्तऱ्याला हात लावायचा नाही. एवढं ऐकून पन्नाशीच्या सलूनवाल्याने विचारलं काय, तर हे!

“आप्पा कोण?”

“माझे सासरे,” शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली. “यांच्याशिवाय कोणाला गालाला हात लावू देत नाहीत.”

“मग वाढू दे की दाढी.”

“ते आप्पा आहेत,” धाकटा म्हणाला. आणखी काही सांगायची त्याला गरज वाटली नाही.

सलून आप्पांनी उभं केलेलं. गिऱ्हाईकं बापाला थोरले म्हणायची आणि लेकाला धाकटे. लेकाचे केस पिकले तरी तो धाकटाच राहिला. आप्पांनी वस्तरा त्याच्या हाती दिला तरी स्वतःची दाढी ते रोज स्वतःच करायचे, आणि तीही आरशात न बघता.

मग धाकटा आरशावरचा बल्ब बदलायला स्टुलावर चढला आणि उजव्या खांद्यावर आपटला. त्याच आठवड्यात आप्पांचे हात थरथरायला लागले. म्हाताऱ्याने धसका घेतला, असं सगळेच म्हणाले. सून त्यांना चहा अर्धा कपच द्यायला लागली, नाहीतर निम्मा धोतरावर जायचा.

तेव्हापासून आप्पा रोज दुकान उघडायच्या वेळी हजर. “चल रे धाकट्या, हे थोबाड जरा माणसात आण.”

धाकटा डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरायचा आणि तसाच वस्तरा चालवायचा. कपाळावर घाम यायचा त्याच्या. पण बापाची हनुवटी अशी हळुवार धरायचा, की जणू तान्हं बाळच. बापलेकांच्या जुन्या गमती चालायच्या. दिवसभरात धाकटा हसायचा तो तेवढाच.

कारण नंतर दुकान ओस. एकाचा कान कापला गेला होता, दुसऱ्याची हनुवटी. लोक वाईट नव्हते. “आज नको, उद्या येतो,” म्हणायचे आणि उद्या समोरच्या नव्या सलूनमध्ये दिसायचे. धाकटा मान खाली घालून कात्र्या पुसत बसायचा.

आप्पांच्या गालावरही ओरखडे असायचे. सुनेने एकदा विचारलं, तर म्हणाले, “कातडं म्हातारं झालंय गं. त्याचा काय दोष?”

सुनेने सगळे उपाय करून पाहिले. तिने स्वतः दाढी करून देते म्हटलं, तर आप्पा म्हणाले, “तू आपली बटाटे सोल.” समोरच्या सलूनमध्ये पाठवलं, तर तोंडाला फेस तसाच घेऊन भर रस्त्यातून परत आले. पोट धरून हसावं की डोकं आपटून घ्यावं, तिला कळेना.

घरी नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावता लावता ती भांडायची. “अहो, हात कायमचा गेला म्हणजे?”

“गेला तर गेला. जन्मभर टापटीप राहिलेल्या माणसाला मी खुंट वाढवून बसवू? या वयात?”

“आणि माझं काय?”

यावर तो दिवा मालवायचा. तिला रडू यायचं. कुशीवर वळताना तो कसा कण्हतो, ते तिलाच ऐकू यायचं ना.

महिना संपत आला तशी ती आप्पांसमोर जाऊन बसली. ते खिडकीशी चहा पीत होते.

“आप्पा, आता चारच दिवस राहिलेत.”

“भित्रा आहे तो. लहानपणी सुई बघून पलंगाखाली शिरायचा. येईल धीर हळूहळू.”

“ते घाबरत नाहीयेत आप्पा. तुमच्यापायी थांबलेत. डॉक्टरांना म्हणाले, आप्पांची दाढी कोण करणार?”

आप्पांचा कप ओठांपाशी थांबला.

“असं म्हणाला?”

“असंच.”

“अरे देवा,” आप्पा म्हणाले. चहा तसाच ठेवून ते उठून गेले. सुनेला वाटलं, झालं, आपण म्हाताऱ्याला दुखावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात झाडत होती. धाकट्याने फेस केला, खुर्ची पुसली. “बसा आप्पा.”

“तू बस.”

“मी?” धाकटा हसला. आप्पांनी त्याला चांगल्या खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि फेस लावला. वस्तरा उचलला तशी सुनेच्या हातातला झाडू गळून पडला.

“आप्पा, नको! हात थरथरतात तुमचे...”

“बोलू नकोस. गाल हलतोय.”

वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात उतरला. मग दुसरा गाल. मग गळा. कुठे रक्ताचा थेंब नाही.

“उद्याच्या उद्या दवाखान्यात भरती व्हायचं,” वस्तरा पुसत आप्पा म्हणाले. “सहा महिने दुकान मी चालवतो.”

धाकटा आरशातून बापाच्या हाताकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. “आप्पा, तुमचा हात तर... मग इतके दिवस माझ्याकडून कशाला कापून घेत होता?”

आप्पांनी त्याच्या कानामागचा फेस बोटाने टिपला.

“दुसरं कोणी येतच नव्हतं रे तुझ्या खुर्चीत,” ते म्हणाले.