सिंधूची लाल तूर

माझी बायको सिंधू घरच्या लाल तुरीचं बी दरवर्षी राखायची. त्या तुरीला मर रोग लागत नाही, असं तिनंच नांदेडच्या प्रयोगशाळेला फोन करून कळवलं होतं. तिथल्या तनुजा मॅडम चाकूरला आमच्या घरी आल्या, तेव्हा सिंधू जाऊन महिना झाला होता.

“काका, ह्या तुरीपासून रोगाला न जुमानणारं नवं वाण तयार करता येईल. आम्ही दोन जिल्हे फिरलो, कुणाकडंच उरली नाही. ओंजळभर बी द्या.”

“न्हाई, बाई.”

“काकू तर म्हणाल्या होत्या, राखून ठेवलंय.”

 

“ठेवलं होतं. तिच्या हातचं शेवटचं पीक म्हणून मी तेराव्याला साऱ्या गावाला त्याचंच वरण वाढलं.”