रिकामी चौकट

एकशे सदतिसावी नोंद साठवताना संगणक पुन्हा अडला, तेव्हा मास्तरांनी माउस असा आपटला की कपातला चहा बशीत आला.

“त्याला मारून काय होणार?” समोरच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. “तीनशे बारा माणसं. सगळ्यांची इमारत ‘उत्तर’ची ‘दक्षिण’ करायची, एवढंच काम. आणि तुम्ही दात कोरून पोट भरताय.”

“एकेक नोंद उघडली की माणूस डोळ्यांपुढे येतो, बाई.”

“माणूस नकोय, इमारत हवीय. पाचच्या आत.”

पाचच्या आत काम झालं, तर बाई मास्तरांच्या रजेचा अर्ज साहेबांकडे नेणार होत्या. लेकीचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. तीन दिवस मागितले होते, तेही अकरा वर्षांत पहिल्यांदा. पण संगणकाला ना लेक, ना काळीज. पडद्यावर ते चाक आपलं गरगर फिरतंय.

शेवटी बाईंनीच खुर्ची ओढली.

“हे बघा. सगळी नावं एकदम निवडायची. काही ‘उत्तर’, काही तुम्ही बदललेली, म्हणून इमारतीची चौकट रिकामी दिसते. तिथे एकदाच ‘दक्षिण’ लिहा. खोली, जेवण, जायची तारीख, ही प्रत्येकाची वेगळी. त्या चौकटीही रिकाम्याच दिसतील. त्यांना बोट लावू नका. जे लिहाल ते तीनशे बारांच्या गळ्यात पडेल.”

“मग सकाळपासून मी काय हजामत केली?”

“तेच मी सकाळपासून विचारतेय.”

दोन मिनिटांत काम उरकलं. बाई अर्ज घेऊन आत गेल्या. मास्तर दाराकडे डोळे लावून बसले. पावणेपाचला बाई परतल्या त्या अर्ज घेऊनच. वर सही नाही.

“साहेब म्हणतात, एकट्याला सवलत दिली तर उद्या सगळे मागतील.”

मास्तर बराच वेळ अर्जाच्या घड्या घालत राहिले. एक, दोन, चार.

“बरोबर आहे साहेबांचं,” ते म्हणाले. “एकट्याला नकोच.”

बाई कप विसळायला गेल्या. मास्तरांनी सगळी नावं पुन्हा निवडली, जायच्या तारखेच्या चौकटीत आजची तारीख टाकली आणि बटण दाबलं. या खेपेला संगणक मुळीच अडला नाही.

सहाला मोठ्या दारावरचा शिपाई छापील यादीवर बोट ठेवून एकेकाला बाहेर सोडत होता. तीनशे अकरा झाले, तेव्हा त्याने कपाळ पुसलं.

“चला, कैदी नंबर तीनशे बारा. अरे, मास्तर? तुम्हीही सुटलात की.”