लंगड्या ओळी

“त्या तीन ओळी आज गाळ रे,” खजुराची बी थुंकत उकैबा म्हणाला. “ऐकवत नाहीत.”

“राहू द्या ना, मामा,” रुमैह म्हणाला.

रुमैह त्याचा भाचा आणि त्याचा पाठक. बसऱ्यात कवी रचतो आणि पाठक ते तोंडपाठ ठेवून बाजारात म्हणतो. मोठ्या तापातून उठल्यापासून उकैबाला नातवंडांची नावंही आठवत नसत. स्वतःची गाजलेली कविता तो भाच्याच्या तोंडून ऐकायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. ऐट मात्र तसूभर कमी झाली नव्हती. आणि का व्हावी?

मिरबदच्या उंटबाजारात जहदर दबा धरूनच बसला होता. दुसऱ्याच्या कवितेतली खोट हा गडी वृत्तात बसवलेल्या शिव्यांनी दाखवायचा. रुमैहनं कविता संपवली, तसा तो त्याच वृत्तात सुटला.

“एका ओळीत तुझी उंटीण लंगडते, म्हाताऱ्या! दुसरीत रडतोस, तेही उसनं. तिसरीत प्रेयसी जाऊन सात वर्षं झाली, तरी चुलीतली राख गरमच!”

लोक पोट धरधरून हसले.

“बाकीची कविता मात्र झकास. म्हणूनच विचारतो, चोरलीस कुणाची?”

हशा थांबला. रुमैहचा चेहरा पांढराफटक पडला. चोर ठरलेल्या कवीची ओळ बसऱ्यात पुन्हा कुणी तोंडात घेत नाही, आणि म्हाताऱ्याकडे त्या ओळींशिवाय होतं तरी काय?

उकैबा काठी टेकत उठला.

“चोरी ना? मग धनी उभा कर! कुणाची ओळ, ते नाव घेऊन म्हणून दाखव.”

बाजाराचा नियमच तसा. जहदरनं खूप डोकं खाजवलं. एकही नाव निघेना.

“बस खाली, शहाण्या!” कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या बाजारानं उकैबाला डोक्यावर घेतलं.

परतताना स्वारी भलतीच रंगात होती.

“खोटं बोलला नाही हं तो. झकासच आहे माझी कविता! पण त्या तीन ओळींबद्दलही बरोबर बोलला. कुठल्या भुक्कड कवीच्या घुसल्यात देव जाणे. उद्यापासून म्हणायच्या नाहीत, सांगून ठेवतो.”

“म्हणणार, मामा,” रुमैह त्याचा हात धरत म्हणाला. “तेवढ्याच तुमच्या आहेत.”